वेशभूषेचं बक्षीस भानू अथैयांच्या नावाने देताय ना, मग आधी हे वाचा

प्रिय आयोजक मंडळी, अध्यक्ष साहेब, सेक्रेटरी दादा आणि परीक्षक ठरवणारे सगळेच,

नमस्कार. तुमच्या स्पर्धेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. ठाण्यात एकांकिका करणाऱ्या पोरांना बरोबर कळेल आणि तुम्हाला तर कळेलच. यंदापासून वेशभूषेचं पारितोषिक भानू अथैयांच्या स्मरणार्थ देणार असं पोस्टर फिरतंय, मला एकीने पाठवलं मग दुसरीने मग माझ्या भाच्याने, आणि प्रत्येकाने खाली लिहिलं की बघ तुझ्या लाइनचं काहीतरी आलं. खरंच बरं वाटलं. आमच्या कपडेपटाच्या कामाला कुणी नाव लावून बक्षीस ठेवावं हे ठाण्यात तरी मी पहिल्यांदाच बघतेय.

पण पोस्टर नीट वाचलं आणि डोकं फिरलं, म्हणून हे पत्र. खासगीत फोन केला असता तर तुम्ही ‘हो ताई बघतो’ म्हणाला असता आणि विषय संपला असता, तुमचं ‘बघतो’ मला माहितीये, म्हणून सगळ्यांसमोर.

पोस्टरवर लिहिलंय, ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला, सुप्रसिद्ध फॅशन डिझायनर. आता पहिली गोष्ट, भानूताई पहिल्या भारतीय महिला नव्हत्या, पहिल्या भारतीय होत्या. बाई-बुवा सगळे धरून पहिल्या. 11 एप्रिल 1983 ला ‘गांधी’ सिनेमाच्या वेशभूषेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं तेव्हा या देशात कुणाकडेच ते नव्हतं. सत्यजित राय यांना मानद मिळालं ते 1992 मध्ये, रहमान, गुलजार आणि रसूल पूकुट्टी यांना 2009 मध्ये. म्हणजे बाकी सगळे तिच्यानंतर रांगेत. हे कुणी पुरुषाने केलं असतं तर तुम्ही पोस्टरवर ‘पहिला भारतीय पुरुष’ लिहिलं असतं का, सांगा बरं.

दुसरी गोष्ट, फॅशन डिझायनर. यावर मला जरा जास्त बोलायचंय.

भानूताई कोल्हापूरच्या. भानुमती राजोपाध्ये, जन्म एप्रिल 1929. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार होते आणि बाबूराव पेंटरांच्या सिनेमांसाठी त्यांनी काम केलेलं. मुलगी लहान असतानाच ते गेले. पुढे ही पोरगी मुंबईत येऊन जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, तिथे सुवर्णपदक मिळवलं, आणि 1953 मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. त्या प्रदर्शनात ती एकटी बाई. वय चोवीसच्या आसपास.

प्रोग्रेसिव्ह ग्रुप म्हणजे काय हे तुमच्यातल्या काही जणांना माहिती असेल, नसेल त्यांच्यासाठी सांगते. 1947 मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे अशा सहा जणांनी काढलेला ग्रुप, सहाच्या सहा पुरुष. आज त्यातल्या हुसेन-रझा-सूझांच्या चित्रांचे लिलाव करोडोंमध्ये होतात, पेपरात फोटो येतात. त्याच ग्रुपबरोबर भिंतीवर जिचं चित्र लागलं होतं ती आपल्या कोल्हापूरची मुलगी होती हे किती जणांना माहीत होतं? 2020 च्या ऑक्टोबरमध्ये भानूताई गेल्या आणि त्याच वर्षाच्या शेवटी त्यांच्या चित्रांचा लिलाव झाला, तेव्हा कुठे बऱ्याच लोकांना कळलं की या बाई चित्रंसुद्धा काढायच्या. एक्क्याण्णव वर्षांचं आयुष्य संपल्यावर! त्यातलं एक चित्र आहे ‘प्रेयर्स’ नावाचं, 1952 चं, प्रार्थना करणाऱ्या नन्स. आता विषय बघा काय निवडला, नन. चेहरा सोडला तर सगळं कापडच की.

लोक म्हणतात की त्यांनी चित्रकला सोडली आणि कपड्यांकडे वळल्या. वळल्या कशामुळे, तर पोटापाण्यामुळे. बायकांच्या मासिकात फॅशनची चित्रं काढायची नोकरी मिळाली, आधी एका मासिकात, मग ‘ईव्ह्ज वीकली’त, मग त्याच ओळखीतून बुटीकसाठी कपडे डिझाइन करायला लागल्या, ते कपडे सिनेमावाल्यांच्या नजरेत भरले. झालं. रंग, कॅनव्हास, काम करायला खोली, हे सगळं पैशाने येतं आणि चित्रं विकली जाण्याचे ते दिवसच नव्हते, पुरुषांची पण विकली जात नव्हती.

आता इथे मला जे खुपतं ते सांगते. हुसेन साहेबांनी तरुणपणी सिनेमाची होर्डिंगं रंगवली, लाकडी खेळणी आणि फर्निचरची डिझाइनं केली. आरा लोकांच्या गाड्या धुवायचे. हे आपण कसं सांगतो? संघर्ष म्हणून सांगतो, डोळ्यात पाणी आणून सांगतो, बघा केवढा मोठा कलाकार आणि काय दिवस काढले. आणि भानू राजोपाध्येने पगारासाठी मासिकात कपड्यांची चित्रं काढली तर तिने कला सोडली! एकाच शहरात एकाच काळात तेच करणाऱ्या दोन माणसांचा हिशोब आपण दोन वह्यांत मांडतो.

अजून जवळचं उदाहरण देते, तिच्याच गावचं. बाबूराव पेंटर. नाटकाचे पडदे रंगवायचे, तिथून सिनेमात गेले, कॅमेरा स्वतः बनवला, 1920 मध्ये ‘सैरंध्री’ काढला, पोस्टरं रंगवली, सेट उभे केले. त्यांना आपण कलामहर्षी म्हणतो आणि बरोबरच म्हणतो. कोल्हापुरात चित्र, नाटकाचा पडदा आणि सिनेमा हे कधी वेगळे धंदे नव्हतेच, एकाच घरात एकाच ब्रशने चालायचं ते. भानूताईंनी त्याच परंपरेतलं पुढचं पाऊल टाकलं, पडद्याऐवजी कापड घेतलं. मग ते महर्षी आणि ह्या फॅशन डिझायनर असं का? माझं म्हणणं एवढंच आहे की बाबूरावांनी पडदा रंगवला म्हणून कुणी त्यांना पडदेवाले म्हणत नाही.

कापड हातात घेतलं की ते बायकांचं काम, बायकांचं काम म्हटलं की ती कला नाही, ती मदत. हा सगळा घोळ तिथे आहे. मशीनवर पुरुष बसला की त्याला मास्टर म्हणतात, मी बसले की ‘ताई जरा दोन टीपा मारून द्या ना’.

तर चित्रकाराची नजर कपड्यात कशी उतरते हे बघायचं असेल तर ‘आम्रपाली’ बघा, 1966 चा, वैजयंतीमालाचा. भानूताई त्यासाठी अजिंठ्याला गेल्या होत्या, तिथली भित्तिचित्रं बघून त्या बायकांची वस्त्रं, दागिने, कमरेचे पट्टे, केसांची रचना असं सगळं उचललं. आपणही अजिंठ्याला जातो, शाळेची सहल जाते, अंधारात काही दिसत नाही म्हणून दहा मिनिटांत बाहेर येतो आणि मक्याचं कणीस खातो. जे.जे.त शिकलेली बाई तिथे जाऊन रेषा वाचते, कापड अंगाला कुठे चिकटलंय आणि कुठे सुटलंय ते बघते. ह्याला संशोधन म्हणायचं की शिवणकाम?

‘वक्त’मधली साधना आठवा, तो अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार, आमच्या आयांनी, मावशांनी तो फोटो शिंप्याला दाखवून तसाच शिवून घेतलाय. ‘ब्रह्मचारी’मधल्या मुमताजची ती केशरी साडी, ‘आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे’ गाण्यातली, ती मुळात साडी नव्हतीच, शिवलेली होती, चेनवाली, म्हणून ती तशी नाचू शकली. आता राम मारुती रोडला किंवा गोखले रोडला चक्कर मारा, प्रत्येक दुसऱ्या दुकानात रेडी टू वेअर साडी लटकलेली आहे, आणि पाडव्याच्या शोभायात्रेत बुलेटवर ज्या पोरी मिरवतात त्यांच्यातल्या कित्येक जणींची नऊवारी शिवलेलीच असते. सगळ्याचा उगम भानूताईंकडे आहे असा माझा दावा नाही. पण नटीला नाचायचंय तर साडी कशी वागली पाहिजे हा विचार 1968 मध्ये पडद्यावर एवढा स्वच्छ दिसला तो त्यांच्यामुळे. कपडेपटवाल्याचा खरा प्रश्न तोच असतो, दिसेल कसं हा नंतर, आधी माणूस यात हलेल का, बसेल का, ब्लॅकआउटमध्ये अर्ध्या मिनिटात काढून दुसरं घालेल का.

गुरुदत्तच्या ‘सीआयडी’पासून सुरू केलं आणि शंभरच्या वर सिनेमे केले, ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाइड’, ते पार ‘लगान’ आणि ‘स्वदेस’पर्यंत. ‘लेकिन’ला आणि ‘लगान’ला राष्ट्रीय पुरस्कार. शेवटी 2015 मध्ये ‘नागरिक’ हा मराठी सिनेमा. नुसती नावं लिहायची तर कागद पुरणार नाही, म्हणून थांबते. कारण मला तुमच्याशी ‘गांधी’बद्दल बोलायचंय.

‘गांधी’ला ऑस्कर मिळालं त्या वर्षी वेशभूषेत समोर कोण होतं माहितीये का? एक होता ‘ला त्राविआता’, ऑपेराचा सिनेमा, पॅरिसच्या मेजवान्या, घेरदार गाऊन, झुंबरं, म्हणजे डोळे दिपतील असं. ‘व्हिक्टर/व्हिक्टोरिया’ होता, कॅबरेवाला. ‘ट्रॉन’ होता, चमचमणाऱ्या सूटांचा. ‘सोफीज चॉइस’ होता. आणि ह्या सगळ्यांना मागे टाकून कोण जिंकलं, तर धोतर, पंचा, खादी, पांढऱ्या साड्या, गर्दी. अर्थात त्यात इंग्रजांचे, लष्कराचे कपडेही होते आणि ऑस्कर जॉन मोलो यांच्याबरोबर मिळून होतं, ते श्रेय त्यांचं त्यांना द्यायलाच हवं. पण विचार करा, 1893 मध्ये दक्षिण आफ्रिकेत सुटाबुटात उतरलेला वकील 1948 मध्ये पंचावर जातो, मधली पंचावन्न वर्षं, आणि हा माणूस आतून कसा बदलत गेला ते प्रेक्षकाला कपड्यावरून कळलं पाहिजे, कुणी संवादात सांगायची गरज पडायला नको. खरे गांधीजी 1921 मध्ये मदुराईला पंचावर आले, त्याच्या आधी काठियावाडी फेटा आहे, अंगरखा आहे, टोपी आहे. प्रत्येक पायरीला वेगळं कापड, वेगळं वजन, वेगळी घडी. आणि मागे हजारोंचा जमाव, त्यातला प्रत्येक जण त्या काळातला दिसला पाहिजे, एकाचा जरी शर्ट कालच दुकानातून आणल्यासारखा वाटला तर संपलं.

आता मंडळी, तुमच्या स्पर्धेत वेशभूषेचं बक्षीस कुणाला मिळतं? मी बऱ्याच वर्षांपासून विंगेत उभी राहून बघतेय. ऐतिहासिक असेल तर मिळतं. पौराणिक असेल तर नक्की मिळतं. जरीचे अंगरखे, मंदील, शेले, मोत्यांच्या माळा आल्या की परीक्षक खूश. आणि गंमत अशी की ते सगळे कपडे ड्रेपरीतून, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या दुकानातून आणलेले असतात. भाड्याची पावती दुसऱ्या कुणाच्या नावावर आणि बक्षीस ज्या पोराने टेम्पोत गाठोडं टाकलं त्याला. ड्रेपरीवाल्यांबद्दल तक्रार नाही हां, त्यांच्यामुळे तर आमची अर्धी रंगभूमी चालते. पण कुठलं तरी निळं मिळालं नाही म्हणून हिरवं आणलं आणि शिवाजी महाराजांच्या मावळ्याला पेशवाईतला अंगरखा चढवला, ही वेशभूषेची संकल्पना कशी काय होते?

गेल्या वेळी तुमच्याच स्पर्धेत वाशीच्या मार्केटमधल्या एका माथाडीवर एकांकिका झाली. त्याचा शर्ट आठवतोय का कुणाला? नसेलच आठवत. मला आठवतोय. एका खांद्यावर विरलेला होता, फक्त एका, कारण माणूस गोणी एकाच खांद्यावर घेतो. त्या खांद्याला आतून दुसऱ्या रंगाच्या कापडाचं ठिगळ होतं, घरातल्या कुणीतरी हाताने लावल्यासारखं, मशीनची टीप नाही. कॉलर उलटवून शिवलेली. दुसऱ्या प्रवेशात तो मुलीच्या शाळेत जातो तेव्हा तोच शर्ट इस्त्री करून, आणि ठिगळाच्या खांद्यावर टॉवेल टाकलेला, झाकायला. तो टॉवेल लेखकाने लिहिलेला नव्हता, दिग्दर्शकालाही सुचला नव्हता, कपडे करणाऱ्या पोरीने आणला होता, नवी मुंबईच्या एका कॉलेजातली पोरगी, मी नंतर मुद्दाम जाऊन विचारलं. परीक्षकांच्या मनोगतात काय आलं? वेशभूषा साधीच होती. बक्षीस गेलं जरीला.

साधं करायला काय लागतं ते सांगते, कारण बहुतेक लोकांना वाटतं घरातला जुना शर्ट आणला की झालं. घरातला जुना शर्ट हा तुमच्या घरातला जुना असतो, त्या पात्राच्या घरातला नसतो. नवीन कापड आणून ते जुनं करावं लागतं. सोड्याच्या पाण्यात उकळायचं, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळट करायचं, कोपराला, गुडघ्याला पॉलिश पेपर मारायचा, खिशात दगड घालून ओला वाळवायचा म्हणजे खिसा लोंबतो. मग लाइटवाल्याबरोबर बसायचं, कारण तुम्ही लाइटवर अंबर जेल, म्हणजे पिवळट-केशरी रंगाचा पारदर्शक कागद, टाकलं की माझा पिवळा गायब होतो आणि निळ्यात लाल काळा दिसतो. मग नटाला तो शर्ट तालमीत घालायला लावायचा, घाम येऊ दे म्हणून. एवढं करून तो प्रेक्षकाला दिसताच कामा नये, दिसला तर आमचं चुकलं. आता हे बक्षिसाला दिसणार कसं? दाखवायची सोय तुम्ही केली तरच.

आणि पैशाचं बोलायचं राहिलंच. तुमच्या पत्रकात नेपथ्याला 3000, प्रकाशयोजनेला 3000, पार्श्वसंगीताला 3000, आणि खाली रंगभूषा व वेशभूषा, विभागून, 1500. म्हणजे देशाला पहिलं ऑस्कर आणून देणाऱ्या बाईच्या नावाचं बक्षीस साडेसातशे रुपयांचं. अहो, उल्हासनगरला जाऊन आठ मीटर मांजरपाट आणि अस्तर घेतलं, येताना वडापाव खाल्ला की एवढे होतात. यापेक्षा नाव लावूच नका ना. 1500 चं बक्षीस बिननावाचं चालून जातं, त्यावर भानू अथैयांचं नाव आलं की ते लाजिरवाणं दिसतं.

पैसे कमी का तेही मला माहितीये. कारण तुमच्या मनात नेपथ्य म्हणजे प्लायवूड, रनर, सुतार, टेम्पो, म्हणजे खर्च. लाइट म्हणजे भाडं, म्हणजे खर्च. कपडे म्हणजे कुणाची तरी आई किंवा वहिनी किंवा मी, म्हणजे फुकट. संघ पण असंच करतात, सगळा दोष तुमचा नाही. संघाचं बजेट वाचायला घ्या, टेम्पोवाल्याला पैसे आहेत, चहावाल्याला आहेत, कपड्यांसमोर लिहिलेलं असतं ‘जमवणे’. आणि नाटक सुरू होण्याआधी जी श्रेयनामावली वाचतात त्यात वेशभूषा असलीच तर शेवटी ‘विशेष सहकार्य’मध्ये, हॉलचा वॉचमन आणि माझं नाव शेजारी शेजारी. वॉचमनकाका चांगले आहेत, त्यांच्या शेजारी बसायला माझी हरकत नाही, पण त्यांनी कपडे नाही शिवलेत.

भानूताईंची शेवटची गोष्ट तर मला सारखी टोचते. 2012 मध्ये त्यांनी आपलं ऑस्कर अकादमीकडे परत पाठवलं, अमेरिकेला. रागाने नाही, आपल्यामागे ते नीट सांभाळलं जाईल याची इथे खात्री वाटेना म्हणून. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल 2004 मध्ये चोरीला गेलेलं आहे, ते त्यांच्या डोक्यात होतं, तसं त्या बोलल्याही होत्या. तेव्हा काही लोकांनी नाकं मुरडली, देशाचा मान बाहेर पाठवला वगैरे. मला ते अजिबात पटलं नाही. आयुष्यभर ज्या बाईने कपडा कसा जपायचा, कुठल्या घडीवर ठेवायचा, कुठल्या पेटीत डांबराच्या गोळ्या टाकायच्या हे बघितलं तिने आपली वस्तू सुरक्षित जागी ठेवली, एवढंच. लाज वाटायचीच असेल तर ती आपल्याला वाटू दे, की तिला इथली एकही जागा भरवशाची वाटली नाही.

म्हणून म्हणतेय, आता नाव घेतलंच आहे तर नीट सांभाळा.

मला काय हवंय ते सरळ सांगते. रंगभूषा वेगळी करा, ते वेगळं शास्त्र आहे आणि त्या लोकांवरही अन्यायच आहे हा. वेशभूषेची रक्कम नेपथ्याएवढी करा, जास्त मागत नाहीये, तेवढीच. प्रायोजक मिळत नसेल तर ट्रॉफ्या कमी करा, प्रत्येक वेळी ट्रकभर ट्रॉफ्या वाटता, त्या घरी नेऊन पोरं कपाटावर ठेवतात आणि आया त्यावरची धूळ पुसतात. प्रवेशअर्जात नेपथ्याचा आराखडा मागता तसा वेशभूषेचा कागद मागा, पात्रागणिक एक स्केच, कापडाचा एक तुकडा टाचलेला, आणि दोन ओळी की हेच का. चित्र चांगलं यायलाच पाहिजे असं नाही, काठीची माणसं काढली तरी चालतील, विचार दिसला पाहिजे. ड्रेपरीतून आणलं असेल तर तसं लिहू दे, भाड्याने आणून पण उत्तम काम होतं, निवड ही पण कलाच आहे, फक्त लपवाछपवी नको. भानूताईंचं पुस्तक 2010 मध्ये आलंय, इंग्रजीत आहे पण चित्रं बघायला इंग्रजी लागत नाही, कुणाकडे असेल तर ते परीक्षकांच्या हातात एकदा द्या.

परीक्षकांवरून आठवलं. गेली काही वर्षं तीन परीक्षक असतात, एक लेखक, एक नट, एक दिग्दर्शक, सगळे मोठे लोक आहेत, त्यांचा आदर आहे. पण त्यातल्या एकाने तरी कधी सुईत दोरा ओवलाय का? निदान या एका बक्षिसासाठी कपडेपटातलं कुणीतरी बसवा. बाईच पाहिजे असं मी म्हणत नाही, ठाण्यात, कळव्यात, डोंबिवलीत आयुष्य कपडेपटात घालवलेले पुरुषही आहेत, त्यांनाही कधी कुणी टेबलापाशी बसवलेलं नाही. मला बसवा म्हणून हे लिहितेय असं वाटत असेल तर सांगते, मी बसणार नाही, माझ्या दोन-तीन संघांचे कपडे त्यातच असतात.

आणि पोस्टर. छपाईला जायच्या आधी बदला. चित्रकार आणि वेशभूषाकार भानू अथैया, कोल्हापूर, 1929 ते 2020, ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. एवढं बास. फोटो लावलाय तो हातात ऑस्कर धरलेला, तो ठेवायचा तर ठेवा, पण त्यांच्या एखाद्या चित्राचा फोटो रीतसर परवानगी घेऊन शेजारी लावता आला तर बघा, म्हणजे बघणाऱ्या एखाद्या पोरीला कळेल की या बाईने आधी काय केलं होतं. परवानगी विचारायचं पत्र लिहायला मी मदत करते, मराठीत. इंग्रजी तुमच्यातल्या कुणीतरी बघा.

तुमचं उत्तर काय येईल याची मला थोडीफार कल्पना आहे. बजेट नाही, यंदा उशीर झालाय, पुढच्या वर्षी नक्की. पोस्टर बदलायला बजेट लागत नाही, ज्या पोराने मोबाइलवर बनवलंय तो दहा मिनिटांत बदलेल. अर्जात एक पान वाढवायला पण काही लागत नाही. रकमेचं तुमचं तुम्ही ठरवा, आणि नाही जमलं तर 750 च राहू द्या पण मग कृपा करून नाव काढा.

तुमची,
कपडेपटातली एक ताई
नौपाडा, ठाणे

ता.क. अंतिम फेरीच्या दिवशी मेकअप रूममध्ये इस्त्रीसाठी एक वेगळा प्लग ठेवायला सांगा, आणि एक्स्टेंशन बोर्ड जड तारेचा आणा. मागच्या वेळी आम्ही इस्त्री लावली की साउंडवाल्यांचा लॅपटॉप बंद पडायचा आणि शिव्या आम्हाला.